औटकी

टॉफीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं रात्रपाळी केली.
कारखाना मला सोडून गेला, पाळी गेली नाही.
अजून दोनच्या सुमाराला डोळे टक्क उघडतात,
जणू फोरमन वॉल्टर खांदा हलवून म्हणतोय,
तीन नंबरचा पट्टा अडकलाय, येतोस ना?

शालन शेजारी गाढ. तिची पाठ टेकली की संपलं.
मी अंधारात मोजे चाचपतो,
जिन्याची सातवी पायरी कुरकुरते म्हणून गाळतो,
आणि स्वयंपाकघरात हीटरपाशी पाय घेऊन बसतो.

पहिली काही वर्षं नुसताच बसलो.
कोण काय बोललं, कुणाचं काय राहिलं.
चौऱ्याऐंशी सालचं एक भांडण तर इतकं घासलं
की पितळेसारखी चकाकी आली त्याला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेची वही ठेवा.
ठेवली. अडीच. सव्वातीन. पावणेचार. साडेतीन.
आणि साडेतीन लिहिता लिहिता जीभ आपसूक हलली:
एक औट औट
दोन औट सात
तीन औट साडेदहा

साठ वर्षांत हॅलिफॅक्समध्ये कुणी विचारलं नव्हतं.
जयसिंगपूरच्या शाळेत चार औटला अडलो
तेव्हा मगदूम मास्तरांनी पिळलेला कान
एकदम गरम झाला.
चार औट चौदा, मास्तर. चौदा.

इथले साडेतीन म्हणजे तिथले सकाळचे आठ.
जूनमध्ये तोवर टेकडीमागे फटफटलेलं असतं,
गटाराच्या पाइपावर काळा पक्षी गळा साफ करत असतो,
आणि फोनच्या चौकोनात पुतण्याची मृण्मयी,
एक वेणी घातलेली, दुसरी आईच्या हातात.
शाळेच्या बसला पाऊण तास.
औट म्हणजे काय, आजोबा?
साडेतीन.
साडेतीन म्हणजे थ्री पॉइंट फाइव्ह ना? मग तसं सांगा की.

तिचं घोडं भागाकारापाशी अडलेलं.
अर्ध्याला पावाने भागलं तर दोन कसे येतात?
भागल्यावर कमी व्हायला पाहिजे.
मी म्हटलं, अर्धी भाकरी घे.
तिच्यात पाव-पाव भाकरीचे तुकडे किती?
ती गप्प झाली. आईच्या हातातली वेणीही थांबली.
मग दोन बोटं वर आली, चौकोनभर.
तुकड्यांत मिळालेल्या रात्रीलाही हे लागू असावं,
असं मनात आलं. तिला सांगितलं नाही.
परीक्षेला येणार नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकार घड्याळं मागे घेतं.
साऱ्या गावाला एक तास झोपेत मिळतो,
मला जागेपणी, बिनपगारी ओव्हरटाइम.
तिथले आठ आता इथले अडीच,
म्हणून हिवाळ्यात आम्ही अडीचकी घेतो.
बाहेर पाऊस आडवा, आत शालनची शाल,
दोन अडीच पाच, तीन अडीच साडेसात.

भिंतीपलीकडे मिसेस हेलिवेल राहतात, ब्याऐंशीच्या.
एका गुरुवारी कचऱ्याचे डबे बाहेर ढकलताना म्हणाल्या,
रात्री तुमची प्रार्थना ऐकू येते.
मी ओशाळलो. म्हटलं, माफ करा, प्रार्थना कसली,
साडेतीनचा पाढा आहे.
बाईंनी डब्याचं झाकण नीट बसवलं.
परवा मध्येच थांबलात तुम्ही, म्हणाल्या,
मग मला डोळाच लागला नाही.

मृण्मयीला आता सुट्टी आहे. फोन येत नाही.
तरी बसतो. मास्तर म्हणायचे,
माणसाचा देहसुद्धा औट हात, ज्याच्या त्याच्या हाताने.
एकदा मोजायला गेलो, पाठीपाशी हात पुरेना.

आठ औट अठ्ठावीस
नऊ औट साडेएकतीस
दहा औट पस्तीस
आम्हाला पाढा इथवरच होता.
मी चहाचा घोट घेतो.

भिंतीवर टकटक.

अकरा औट...
हे पाठ नाही.
थांबा बाई, बोटांवर मोजावं लागेल.